प्रवास संपला तरी मलेरियाच्या गोळ्या संपत नाहीत

माझ्या मित्राच्या बॅगेच्या साइडच्या कप्प्यात मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीसायक्लीन गोळ्यांची अर्धी स्ट्रिप तशीच पडून होती. मलेरिया असलेल्या देशात फिरताना पठ्ठ्याने एक दिवस चुकवला नाही, पण घरी आल्यावर म्हणाला झाली ट्रिप, आता कशाला गोळ्या. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, दोन दिवस व्हायरल समजून अंगावर काढला, मग डॉक्टरांनी विचारलं मध्ये कुठे जाऊन आलात का आणि लगेच रक्त तपासलं तर फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात धोकादायक प्रकार, निघाला. वाचला, पण त्याच्या बायकोचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही, म्हणून हे लिहितेय.

डास चावला की मलेरियाचे जंतू आधी लिव्हरमध्ये जाऊन बसतात, तिथे निदान आठवडाभर वाढतात आणि मग रक्तात उतरतात. डॉक्सीसायक्लीन आणि मेफ्लोक्वीन रक्तात उतरलेल्यांनाच पकडतात, त्यामुळे परतल्यावर पूर्ण ४ आठवडे घ्यावीच लागतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल लिव्हरमध्येही काम करते म्हणून तिला ७ दिवस पुरतात. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना ठरवू द्या, मेफ्लोक्वीन तर निघायच्या दोनेक आठवडे आधीच सुरू करावी लागते. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर आधी सांगा की मी अमुक देशात गेले होते, गोळ्या नीट घेतल्या असल्या तरी सांगा.

लसींसाठी निघायच्या ४ ते ६ आठवडे आधी डॉक्टर गाठा. काही देशांत शिरायला यलो फीवर (डासांमुळे होणारा पीतज्वर) या आजाराच्या लसीचं सर्टिफिकेट, म्हणजे ते पिवळं कार्ड, लागतं; ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी टोचून घेऊन काही उपयोग नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर १० वर्षं लिहिलेली असली तरी. ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, त्यामुळे प्रेग्नन्सी, अंड्याची अ‍ॅलर्जी, कमी झालेली प्रतिकारशक्ती किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधीच सांगा. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडचं पण त्याच भेटीत विचारून घ्या.

मच्छरदाणी लावली की सुटलो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती रात्रीच्या मलेरियाच्या डासासाठी, डेंग्यूचा डास दिवसा चावतो. सकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं रिपेलंट, पण सनस्क्रीन आधी आणि रिपेलंट त्यावर.

रेबीजचं मात्र लोक मनावरच घेत नाहीत. कुत्रा किंवा माकड चावलं की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी दवाखाना. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर डोस लागतातच, फक्त कमी लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, जे लहान गावांत पटकन मिळत नाही.