नोव्हेंबरातले न्यूरेंबर्ग

न्यूरेंबर्गला जाणारे बहुतेक प्रवासी डिसेंबरात, तिथला प्रसिद्ध नाताळबाजार पाहण्यासाठी जातात. आम्ही मात्र ठरवून त्याआधी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गेलो. ज्यांना या शहराचा इतिहास समजून घ्यायचा आहे त्यांनी याच दिवसांत जावे, असे आता माझे ठाम मत आहे. जर्मनीत नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना असतो. १ तारखेला सर्व संतांचा दिवस, मध्यावर युद्धांत बळी पडलेल्यांच्या स्मरणाचा रविवार आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे चार रविवार) सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी प्रोटेस्टंट पंथीयांचा मृतस्मरणाचा दिवस, असा त्याचा क्रम आहे. १५२५ पासून प्रोटेस्टंट असलेल्या या शहरात त्या शेवटच्या रविवाराला विशेष महत्त्व आहे. स्वतःच्या भूतकाळाकडे इतक्या सरळ नजरेने पाहणारे दुसरे शहर मी पाहिलेले नाही, आणि त्या महिन्यातल्या धूसर, गर्दी नसलेल्या दिवसांत हे अधिक जाणवते.

पोहोचणे सोपे आहे. फ्रँकफुर्टहून आयसीई या जलद गाडीने सुमारे दोन तास आणि म्युनिकहून सव्वा तासाच्या आसपास लागतो. आयसीईची तिकिटे आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. पण स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते, त्यामुळे विमानातून उतरल्या उतरल्या लगेचची गाडी धरण्याचा बेत आखू नये. म्युनिकहून चार-पाच जण मिळून येत असाल तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचे सामुदायिक तिकीट, घ्यावे. ते फक्त प्रादेशिक गाड्यांत चालते आणि कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच लागू होते, परंतु माणशी खर्च फारच कमी होतो. शहरातल्या मेट्रो, ट्राम आणि बससाठी ‘टागेसतिकेट प्लुस’ नावाचे दिवसाचे तिकीट कुटुंबाला सोयीचे आहे, कारण दोन प्रौढ आणि मुले त्या एकाच तिकिटावर फिरू शकतात. शनिवारी काढलेले तिकीट रविवारीही चालते. विमानतळावरून यू-२ मेट्रोने मुख्य स्थानकावर यायला पाव तासही लागत नाही.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, म्हणून दिवसाची आखणी उजेड पाहून करावी लागते. तटबंदी, किल्ला, गल्ल्या, दफनभूमी या उघड्यावरच्या गोष्टी सकाळी आणि दुपारी उरकाव्यात, आणि संग्रहालये अंधार पडू लागण्याच्या वेळेसाठी राखून ठेवावीत. यातही एक मेख आहे. जर्मन राष्ट्रीय संग्रहालय आणि चित्रकार ड्यूररचे घर या दिवसांत साधारणतः सोमवारी बंद असतात, तर नाझी नेत्यांवरील खटल्यांचे स्मारक मंगळवारी बंद असते. तेव्हा मुक्कामात सोमवार-मंगळवार येत असतील तर क्रम त्यानुसार लावावा, आणि कोणती दालने उघडी आहेत हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

मुख्य स्थानकातून बाहेर पडले की समोरच तटबंदीचा भव्य गोल बुरूज उभा दिसतो. जुन्या शहराभोवतीची ही मध्ययुगीन तटबंदी सुमारे पाच किलोमीटरची होती आणि तिचा बहुतांश भाग आजही उभा आहे. आतून चालत निघालात तर लोरेन्झ चर्च, पेग्निट्झ नदीवरचे पूल, मुख्य बाजारचौक आणि टेकडीवरचा किल्ला ही सगळी वाट न थांबता जेमतेम अर्ध्या तासाची आहे. थांबत थांबत गेले तर पूर्ण दिवस पुरत नाही. शेवटचा चढ ओल्या दगडी फरशीचा आहे आणि तिच्यावर पानगळीचा चिखल असतो. पकड असलेले, पाणी आत न घेणारे बूट ही या दिवसांतली पहिली गरज समजावी.

लोरेन्झ चर्चमध्ये मी सर्वांत जास्त वेळ घालवला. व्हाइट श्टोस या शिल्पकाराने १५१७-१८ मध्ये लाकडात कोरलेले देवदूत आणि मेरी यांचे मोठे शिल्प तिथे छतापासून अधांतरी लटकवलेले आहे. जवळच आडाम क्राफ्ट या शिल्पकाराचा दगडी प्रसादस्तंभ, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद ठेवण्याचा मनोरा, आहे. वीस मीटरच्या आसपास उंचीचा हा स्तंभ वर जाता जाता इतका नाजूक होतो की त्याचे टोक कमानीखाली वेलीसारखे वळलेले दिसते. आणि हे सगळे ज्याच्या खांद्यावर तोललेले आहे तो तळाशी गुडघे टेकून बसलेला, हातात छिन्नी-हातोडा घेतलेला माणूस म्हणजे खुद्द क्राफ्ट. आपल्या कामाचा भार आपणच पेलणारा कारागीर त्याने पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी घडवून ठेवला आहे. तिथे घाईने पुढे जाऊ नये.

अशा वस्तू आज दिसतात याचे श्रेय किल्ल्याखालच्या खडकाला आहे. २ जानेवारी १९४५ च्या रात्री दोस्तराष्ट्रांच्या बाँबहल्ल्यात जुने शहर सुमारे नव्वद टक्के उद्ध्वस्त झाले. परंतु युद्धाच्या सुरुवातीलाच शहराने आपल्या अनेक मौल्यवान कलाकृती टेकडीच्या पोटातील तळघरांत हलवल्या होत्या. ही तळघरे मुळात बिअर साठवण्यासाठी चौदाव्या शतकापासून कोरलेली आहेत; बिअर गाळून विकायची असेल तर स्वतःचे तळघर हवे, असा नगरपरिषदेचा १३८० चा आदेशच होता. हल्ल्यांच्या वेळी हजारो नागरिकांनी याच भुयारांत आसरा घेतला. त्यांत फक्त मार्गदर्शकासोबत जाता येते, आणि इंग्रजीतील फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे जागा आधी नोंदवाव्यात. आत बारा महिने गारवा असतो, तेव्हा कोट काढून जाऊ नये.

युद्धानंतर शहराने जुना रस्त्यांचा आराखडा आणि उतरत्या छपरांची ठेवण कायम राखून पुन्हा उभारणी केली. गुलाबी-तपकिरी वालुकाश्माच्या भिंतींत काळवंडलेले जुने दगड आणि स्वच्छ धारांचे नवे दगड शेजारी शेजारी बसवलेले दिसतात. ढगाळ हवेत, सावल्या नसताना, हा फरक अधिक ठळक होतो. झेबाल्डुस चर्चमध्ये उद्ध्वस्त अवस्थेतील छायाचित्रे लावलेली आहेत. ती पाहून मगच डोके वर करून छताकडे पाहावे. वायसगेर्बरगास ही चामडे कमावणाऱ्यांची जुनी गल्ली बाँबहल्ल्यांतून बऱ्याच अंशी वाचली, आणि लाकडी चौकटींची खरी जुनी घरे पाहायची असतील तर तिथेच जावे.

मुख्य बाजारचौकात दुपारी बाराच्या आधी पोहोचावे. फ्राउएनकिर्खे या चर्चवरील १५०९ च्या घड्याळात बारा वाजता सम्राट निवडणाऱ्या सात निर्वाचक राजपुरुषांच्या मूर्ती सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती फिरतात. त्याने १३५६ मध्ये काढलेल्या, ही निवडपद्धत ठरवणाऱ्या सुवर्णमुद्रांकित फर्मानाची ती आठवण आहे. बघे टाळ्या वाजवून पांगतात, पण या चौकाची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. इथे पूर्वी ज्यू वस्ती होती. १३४९ मध्ये याच सम्राटाच्या संमतीनंतर ती नष्ट करण्यात आली, शेकडो ज्यूंना ठार मारण्यात आले आणि त्यांच्या प्रार्थनागृहाच्या जागी हे चर्च बांधले गेले. नोव्हेंबरात या चौकात बाजाराच्या लाकडी टपऱ्या उभारण्याचे काम चालू असते, त्यामुळे मोकळ्या चौकाचे छायाचित्र मिळण्याची आशा धरू नये.

किल्ल्याच्या पायथ्याशी आल्ब्रेख्ट ड्यूररचे घर आहे. १५०९ पासून १५२८ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो इथे राहिला. त्याच्या १५१५ च्या गेंड्याच्या लाकूडठशाशी आपल्या किनाऱ्याचा थेट संबंध आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्ककडे भेट म्हणून पाठवलेला गेंडा गोव्यात आला, १५१५ च्या आरंभी तिथून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्याचे वर्णन आणि रेखाचित्र पत्राने न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचले, आणि प्रत्यक्ष प्राणी कधीही न पाहता ड्यूररने ते चित्र काढले. पोपला भेट म्हणून पुढे पाठवला गेलेला तो गेंडा जहाज बुडून मेला. चित्र मात्र पुढची अडीच-तीन शतके युरोपात गेंड्याची ओळख बनून राहिले. घरातल्या छापखान्यात जुन्या पद्धतीची छपाई करून दाखवतात. गोव्याहून निघालेल्या त्या जनावराची हकीकत मनात ठेवून मी तिथे उभा राहिलो, तेव्हा हे दूरचे शहर एकदम ओळखीचे वाटले.

ड्यूरर जिथे पुरला आहे ते योहानिस दफनभूमीचे आवार पश्चिमेला, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आडव्या दगडांच्या रांगा आणि त्यांवरच्या पितळी पाट्या हे तिचे वैशिष्ट्य. मृतस्मरणाच्या रविवारी कुटुंबे थडग्यांवर सदाहरित फांद्या मांडायला येतात. त्या दिवशी जाणार असाल तर आवाज आणि कॅमेरा दोन्ही आवरते ठेवावेत. बव्हेरियात या स्मरणदिवसांवर कायद्यानेच सार्वजनिक नाचगाण्यांना मर्यादा असतात. १ नोव्हेंबरला तर सार्वजनिक सुट्टी असून दुकाने बंद असतात. एरवीही रविवारी वाणसामानाची दुकाने उघडत नाहीत. अडचण आलीच तर मुख्य स्थानकातली दुकाने कामाला येतात.

आता या शहराच्या सर्वांत गंभीर स्थळाविषयी. नाझी नेत्यांवरचा मुख्य खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी फ्युर्टर श्ट्रासेवरील न्यायालयाच्या ६०० क्रमांकाच्या दालनात सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ रोजी निकाल पुरा झाला. बारा जणांना फाशी ठोठावली गेली, तिघे निर्दोष सुटले. यू-१ मेट्रोने बेअरनशान्झे स्थानकावर उतरले की इमारत जवळच आहे. दालन अपेक्षेपेक्षा लहान वाटते, कारण खटल्यासाठी मागची भिंत पाडून वाढवलेली जागा नंतर पुन्हा भिंत घालून बंद केली गेली. जड संगमरवरी चौकटीची दारे आणि वरची शिल्पे तीच आहेत. वरच्या मजल्यावरचे प्रदर्शन माहिती ऐकवणाऱ्या यंत्रासह नीट पाहायला अडीच-तीन तास लागतात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी भाषांतर करणाऱ्या दुभाषांची व्यवस्था तिथे तपशिलाने मांडली आहे. आरोपीला प्रत्येक शब्द समजला पाहिजे, त्याला वकील मिळाला पाहिजे, पुरावा कागदोपत्री असला पाहिजे, हा आग्रह इतक्या भीषण गुन्ह्यांच्या बाबतीतही सोडला गेला नाही, हे मला त्या जागेचे खरे मोठेपण वाटते. लहान मुलांना इथे नेऊ नये. छळछावण्यांची दृश्ये त्यांच्यासाठी नाहीत.

याच मेट्रोमार्गाचा फ्युर्ट या शेजारच्या शहराकडे जाणारा भाग जर्मनीच्या पहिल्या वाफेच्या रेल्वेची वाट धरून जातो. ती ७ डिसेंबर १८३५ रोजी, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या साधारण सतरा वर्षे आधी धावली. रेल्वेची आवड असलेल्यांनी स्थानकाजवळचे रेल्वे संग्रहालय चुकवू नये.

शहराच्या आग्नेयेला नाझी पक्षमेळाव्यांचे मैदान आहे. अपुरे राहिलेले सभागृह आणि झेपेलिन मैदानावरचे दगडी व्यासपीठ आजही उभे आहे. ते पाडूही नये आणि सजवूही नये, हा शहराचा निर्णय मला पटतो. तळ्यावरून येणारा वारा फार बोचरा असतो. दुपारी तीननंतर तिकडे निघू नये.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मांसाहारींना अडचण नाही. बोटभर लांबीचे न्यूरेंबर्गचे सॉसेज तीन-तीन करून पावात देतात. ते डुकराच्या मांसाचे असते, हे ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. मासे खाणाऱ्यांसाठी हा ऋतू उत्तम आहे, कारण फ्रँकोनिया या आसपासच्या प्रदेशातील तळ्यांतला कार्प मासा सप्टेंबर ते एप्रिल याच काळात मिळतो आणि तो अर्धा चिरून, पीठ लावून कुरकुरीत तळतात. शाकाहारींना चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे जाड शेवयांसारखा पदार्थ, मिळेल, पण त्यात अंडे असते. बटाट्याच्या गोळ्यांवरचा रस्सा बहुधा मांसाचाच असतो आणि बटाट्याच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, तेव्हा मागवण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. खिशात थोडे रोख युरो असावेत. लहान दुकाने आणि स्वच्छतागृहे यांसाठी ते लागतात.

राहण्याच्या जागेबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. नोव्हेंबरात या शहरात मोठी औद्योगिक प्रदर्शने भरतात आणि त्या दिवसांत हॉटेलांचे दर कित्येक पटींनी चढतात, म्हणून तारखा ठरवण्याआधी प्रदर्शनांचे वेळापत्रक पाहावे. नाताळबाजार आगमनकाळाच्या पहिल्या रविवाराआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. दोन्ही साधायचे असेल तर त्या आठवड्याच्या आरंभी पोहोचून शनिवारी सकाळी निघावे. उद्घाटनाला चौकात जागा हवी असल्यास तासभर तरी आधी उभे राहावे लागते.

परतताना न्यायची वस्तू म्हणजे लेबकुखन हा मसालेदार केक. न्यूरेंबर्गचे व्यापारी मसाल्यांच्या व्यापारात इतके मुरलेले होते की १५०५ च्या पोर्तुगीज आरमाराच्या भारतफेरीतही इम्होफ आणि हिर्शफोगेल घराण्यांनी पैसा गुंतवला होता. दालचिनी, लवंग, वेलची आणि जायफळाचा वास आपल्या घरच्या फराळाच्या डब्यातला वाटतो. ‘एलिझेन’ हा प्रकार निवडावा. त्यात किमान पाव भाग बदाम किंवा इतर सुकामेवा असावा लागतो आणि पीठ जेमतेम दहा टक्क्यांपर्यंत चालते. पत्र्याच्या डब्यातले लेबकुखन काही आठवडे चांगले राहतात. त्यांतही अंडे असते, हे घरी वाटताना आवर्जून सांगावे.