शिरोलीचा माल म्हटला की शंभर टक्के तपासणी कशाला?

परवा जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या आमच्या प्लांटमध्ये इनवर्डला, म्हणजे माल आत घेतात तिथं, आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली कास्टिंगं (ओतीव लोखंडी पार्ट) आली. क्रेटवर कोल्हापूर वाचून लई भारी वाटलं, आणि तेवढ्यात त्यावर चिठ्ठी लागली, शंभर टक्के तपासणी. शेजारी इथल्याच सप्लायरचा तसाच पार्ट, त्यातले चार-पाच नग मोजले आणि बाकी सगळा माल सरळ लाईनवर. विचारलं तर म्हणे लांबून येणाऱ्या मालाला असाच नियम आहे. डोकंच फिरलं माझं.

अहो हे एसजी आयर्न आहे, म्हणजे ज्यात ग्रॅफाईट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की लॅडलमधला रस मोजक्या मिनिटांत ओतून संपवावा लागतो, उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं, ग्रॅफाईटचे गोळे नीट धरत नाहीत, आणि कास्टिंग दिसायला एक नंबर पण आतून कच्चं. हे नग हातात फिरवून कुणाला दिसणार? त्याला मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली धातूची आतली रचना, बघायला लागतं, नाहीतर अल्ट्रासॉनिक लावायला लागतं. कातडीखालचा ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडलेली पोकळी, पण मशिनिंगलाच उघडा पडतो. म्हणजे खरी तपासणी भट्टीपाशी, साच्याच्या सँडच्या ओलाव्यापाशी, आणि हे लोक दोन माणसं उभी करून इथं पृष्ठभाग बघत बसलेत! तपासणीवर विसंबू नका, क्वालिटी प्रोसेसमध्येच घाला, हे क्वालिटीचा अमेरिकन गुरू डेमिंग कधीच सांगून गेलाय, इथल्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवतात पण.

एक गोष्ट मात्र मनापासून मानतो. प्लग गेजची (भोकाचं माप तपासायच्या दांडीची) नो-गो बाजू भोकात गेली, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं झालं, की मशीनवरचा शिकाऊ पोरगा स्वतः मशीन बंद करतो आणि त्याला कुणी ओरडत नाही. आपल्याकडं महिनाअखेरीला गाडी दारात उभी असताना क्यूसीवाल्याचं (माल तपासणाऱ्याचं) काय होतं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम केलेल्या कुणालाही विचारा. पण आपल्या माणसांना कळत नाही असं अजिबात नाही, रेट तोडून मागायचा, डिलिव्हरी उद्याची मागायची आणि वर शून्य दोष पाहिजेत, ह्या दबावात पण आपली पोरं माल काढतात.

आणि ह्यांचा स्वतःचा इतिहास तरी काय? 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मन माल स्वस्त आणि खराब आहे असं त्यांच्याच फ्रान्झ रॉयलो ह्या इंजिनिअरनं लिहिलं. 1887 ला ब्रिटननं कायदा केला आणि जर्मन मालावर ‘मेड इन जर्मनी’ छापायला लावलं, कशाला, तर गिऱ्हाईकानं सावध व्हावं म्हणून. तोच शिक्का आज हे अभिमानानं मिरवतात. मग आपल्या गावाच्या नावावर शंका किती वर्षं?

घरी काहीजण म्हणतात गाव सोडून गेलास. असू दे, पण ह्या टेबलावर कोल्हापूरच्या बाजूनं बोलायला कुणीतरी पाहिजेच की.

क्वालिटी हेडला मेल टाकलाय, दर लॉटबरोबर हीटनिहाय (भट्टीतल्या प्रत्येक वितळीचे) स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतल्या घटकांचे, आणि मायक्रोचे रिपोर्ट येतात, ते बघा आणि हा माल पण सॅम्पलिंगवर घ्या. शिरोलीकरांनो, रिपोर्टवरचा हीट नंबर कास्टिंगवरच्या नंबराशी जुळतोय एवढं तुम्ही बघा, बाकी मी हितं भांडतो.