शिवराईची नोंदवही, भाग ४: दोनदा एस्केप झालेले फोटो

शिवराई नाण्यांच्या नोंदवहीत या खेपेला नवीन काहीच जोडलं नाही. आधी भरलेला डेटा दुरुस्त करण्यातच सगळे रविवार गेले. पण त्यातून जे कळलं ते नीट लिहून ठेवायलाच हवं. तुमच्यापैकी कुणी पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊन बसलं असेल, तर उपयोगी पडेल.

नाण्यावरचा मजकूर मी वर्णनात अवतरणात लिहितो: दर्शनी बाजूस 'श्री राजा शिव', मागे 'छत्र पति'. पहिल्या आवृत्तीत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची कमांड, सीच्या स्प्रिंटएफ फंक्शनने वर्णन सिंगल कोटांत चिकटवून जोडायचो. 'श्री'च्या आधीचा कोट आला की पोस्टग्रेसच्या लेखी वर्णन तिथेच संपायचं आणि पुढचं सगळं त्याला कमांडचा भाग वाटायचं. माझ्याकडे नुसता सिंटॅक्स एरर यायचा. पण याच फटीतून कुणी मुद्दाम टेबल उडवणारी कमांडही आत सारू शकतो.

मग लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीतलं पीक्यू-एस्केप-स्ट्रिंग-कॉन हे फंक्शन घेतलं. ते मजकूर एस्केप करतं, म्हणजे त्यातली खास चिन्हं कमांडचा भाग वाटणार नाहीत अशी बदलतं. ते प्रत्येक सिंगल कोटाचे दोन करतं, म्हणून बफर (निकाल ठेवायची जागा) मूळ लांबीच्या दुप्पट अधिक १ एवढा लागतो. शेवटचं 'कॉन' महत्त्वाचं आहे: फंक्शनला कनेक्शन दिलं की एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने बाइटमध्ये लिहिली आहेत ते, कळतं. आपली देवनागरी यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये अक्षरचिन्हामागे ३ बाइट घेते आणि त्यातला एकही बाइट ८० हेक्सच्या (हेक्स म्हणजे १६ अंकांची मोजणी, ० ते ९ आणि ए ते एफ) खाली नसतो. त्यामुळे कोट (२७) किंवा बॅकस्लॅश (५सी) तिच्या पोटात दडूच शकत नाही. शिफ्ट-जेआयएस या जपानी एन्कोडिंगमध्ये मात्र कताकाना लिपीतल्या 'सो'चे बाइट ८३ ५सी आहेत. म्हणजे अक्षराचा अर्धा भाग बॅकस्लॅशच! एन्कोडिंग न पाहता एस्केप करणारं फंक्शन तिथे फसतं.

हे सगळं चाललं होतं. तरी मी पीक्यू-एक्झेक-पॅराम्स या फंक्शनवर गेलो, कारण त्यात डेटा कमांडमध्ये मिसळतच नाही. कमांडमध्ये डॉलर-१, डॉलर-२ लिहायचं आणि त्यांच्या जागी बसायचा डेटा पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवायचा. माझ्या मते हाच खरा मार्ग आहे. चूक एवढीच झाली की जुनी एस्केपची ओळ तशीच राहिली. पॅरामीटरला एस्केप लागत नाही, म्हणून वर्णनांत ''श्री राजा शिव'' असे दुहेरी कोट जसेच्या तसे साठले.

फोटोंचं तर विचारूच नका. एकही उघडेना. एका फोटोची मूळ फाइल १,८४,३२० बाइटची, आणि टेबलात ३,६८,६४३. दुप्पट आणि वर ३. त्या ३ वरच बराच वेळ अडलो होतो. शेवटी सुरुवातीचे बाइट छापून पाहिले. जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ अशी हवी. इथे ५सी ७८ ६६ ६६ ६४ ३८ होते. अ‍ॅस्की तक्त्यात (कुठल्या अक्षराचा आकडा कोणता ते त्यात असतं) बघा: बॅकस्लॅश, एक्स, एफ, एफ, डी, ८. म्हणजे फोटोसारखा डेटा एस्केप करणाऱ्या पीक्यू-एस्केप-बायटी-कॉनने बनवलेला हेक्स मजकूरच (दर बाइटमागे दोन अक्षरं) मी बायनरी, म्हणजे कच्च्या बाइटचा, पॅरामीटर म्हणून पाठवला होता. बॅकस्लॅश-एक्सचे २ बाइट, आणि ते फंक्शन जी लांबी परत देतं त्यात शेवटचा शून्य बाइट धरलेला असतो, तो तिसरा.

दुरुस्ती एका अपडेटमध्ये झाली: पुढचे २ आणि मागचा १ बाइट कापून, उरलेल्याचा टेक्स्ट करून, डीकोडने हेक्समधून परत बाइट. आधी बॅकअप घेतला होता, हे वेगळं सांगायला नको. आता फोटोसाठी एस्केप न करता पॅरामीटरचा फॉरमॅट १ (बायनरी) देतो आणि लांबी फाइलच्या आकारावरून घेतो. स्ट्रलेन (शून्य बाइट येईपर्यंत लांबी मोजणारं सीचं फंक्शन) इथे अजिबात चालत नाही. माझ्या स्कॅनरच्या जेपेगची सुरुवात एफएफ डी८ एफएफ ई० ०० १० अशी असते. पाचव्याच बाइटला स्ट्रलेन थांबतं आणि फोटो ४ बाइटचा ठरतो.

दोन ठिकाणी पॅरामीटर पुरत नाहीत. कुठल्या कॉलमने क्रम लावायचा ते नाव पॅरामीटर म्हणून जात नाही. तिथे ठरलेल्या नावांची यादी ठेवली आणि त्यावर पीक्यू-एस्केप-आयडेंटिफायर लावलं. ते नावाभोवती डबल कोट (") घालतं, आणि मिळालेली मेमरी पीक्यू-फ्री-मेमने सोडावी लागते. देवनागरी कॉलमनावं ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्या, मर्यादा ६३ बाइटची आहे, म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं. दुसरं ठिकाण लाइक, म्हणजे नमुन्याने मजकूर शोधणं: '५०% झीज' शोधलं तर '%' तिथे 'काहीही' असाच अर्थ घेतो, पॅरामीटरमधून पाठवलं तरी. '%', '_' आणि बॅकस्लॅश यांच्या आधी बॅकस्लॅश घालणारं छोटं फंक्शन स्वतः लिहिलं.

लिबपीक्यूही अद्ययावत केलं. एस्केप फंक्शनं चुकीचे यूटीएफ-८ बाइट नीट हाताळत नव्हती, ती त्रुटी १३ फेब्रुवारी २०२५ च्या पोस्टग्रेस १७.३ मध्ये बुजवली आहे.

आता दर वेळी बांधणी झाली की एक चाचणी चालते: ०० ते एफएफ असे २५६ बाइट फोटोच्या कॉलममध्ये टाकायचे, परत वाचायचे, एकेक ताडून पाहायचे. वर्णनात 'श्री राजा शिव', एक बॅकस्लॅश आणि एक '%'. काल रात्री दोन्ही जसेच्या तसे परत आले. आता राहिलेल्या शिवराया स्कॅन करायला घेतो.