माशी, खाच आणि मधला उजेड : चार महिन्यांची नोंद

फेब्रुवारीत मी घेतलेलं जुनं एअर पिस्तूल (दाबाच्या हवेवर छर्रे मारणारं) कसं आहे, असं काही मंडळींनी विचारलं होतं. पिस्तूल ठीक आहे. चार महिने गेले ते साईटवर, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांवर. आमच्याकडे जुनी माणसं बंदुकीच्या पुढच्या टोकावरच्या खुणेला माशी म्हणतात, फौजेतून आलेले फोरसाईट म्हणतात. मी माशीच म्हणतो आणि मागच्या बॅकसाईटला, जिच्यातून माशी बघायची असते तिला, खाच.

जागा पहिल्यांदा सांगतो. बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर जुन्या पद्धतीचं, अरुंद आणि लांबच लांब. आजोबांचे माग होते ती खोली आणि पुढची पडवी धरून अकरा मीटर मिळतात. टोकाला लोखंडी पेटी, तिच्यात छर्रे अडतात. मागचं दार आतून कडी लावून बंद. शनिवार-रविवार सकाळी साठ-साठ शॉट.

मार्च

सुरुवातीला सगळा दोष मी हाताला देत होतो. दहा शॉटच्या सिरीजला शंभरपैकी ८२, ८३, कधी ७९. मग एका रात्री वहीत आकडे मांडले. माझ्या पिस्तुलात माशी ते खाच अंतर ३२० मिलिमीटर. लक्ष्य दहा मीटरवर. म्हणजे माशी खाचेत पाव मिलिमीटर सरकली की छर्रा लक्ष्यावर आठ मिलिमीटर सरकतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका रिंगेपासून पुढची रिंग बरोबर आठ मिलिमीटरवर असते. पाव मिलिमीटर म्हणजे एक गुण गेला. उलट, साईट जुळलेली ठेवून अख्खा हात आठ मिलिमीटर डुलला तरी नुकसान तेवढंच, आठ मिलिमीटर. हाताचं डुलणं डोळ्याला दिसतं म्हणून आपण त्याच्याशी भांडत बसतो. साईटचं सरकणं दिसतच नाही. हा हिशोब समजल्यावर मी लक्ष्याच्या मधल्या काळ्या गोलाकडे बघायचं सोडलं आणि माशीकडे बघायला लागलो.

आणि तेव्हा कळलं की माशी मला नीट दिसतच नाही.

एप्रिल

वय ४७. रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. त्यात माशी स्पष्ट करायची तर हनुवटी वर उचलावी लागते आणि मान आखडते. चष्म्याच्या दुकानात मी 'लांबचं बघायला' असं सांगितलं, तसा चष्मा आला, पैसे गेले. चूक माझ्या सांगण्यात होती. दुसऱ्या वेळी पिस्तुलाच्या मापाची काठी घेऊन गेलो. डोळ्यापासून माशी १०२ सेंटिमीटर. लांबच्या नंबरात अर्धा डायॉप्टर वाढवून एकाच नंबरची काच करून घेतली. अर्ध्यानं सैल डोळ्याचा फोकस साधारण दोन मीटरवर बसतो. माशी कापलेल्या कागदासारखी दिसते आणि काळा गोल धुरकट, पण गोल राहतो. पाऊण वाढवून बघितलं तेव्हा गोल फार विरघळला. पन्नाशीच्या आसपासच्यांनी साईटवर एक रुपया घालण्याआधी हे करावं.

डाव्या डोळ्यापुढे दुधी प्लास्टिकची पट्टी लावली आहे. नियमात ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा मिटण्यापेक्षा हे बरं, कारण एक डोळा आवळला की दुसऱ्यावरही ताण येतो.

मे

आता माशीची रुंदी. पिस्तुलाबरोबर ४ मिलिमीटरची आली होती. माझ्या डोळ्यापासून ती दहा मीटरवर ३९ मिलिमीटर भासते आणि काळा गोल आहे ५९.५ मिलिमीटरचा. बारीक माशी नेमकी असेल असं वाटतं. मलाही वाटलं. पण गोलाच्या खाली ती बारीक काडी धरली की प्रत्येक हेलकावा मोठा दिसतो आणि बोट घाईनं ट्रिगर ओढतं.

मी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे विकतच्या पानांची, म्हणजे माशीच्या बदलायच्या पट्ट्यांची, वाट बघायची गरज नव्हती. ओळखीच्या वायरकटवाल्याकडून (विजेच्या बारीक तारेनं धातू कापणाऱ्याकडून) तीन पानं कापून घेतली : ४.६, ५.२ आणि ६ मिलिमीटर. पहिल्या खेपेला बैठकीचं, म्हणजे पान जिथे बसतं त्या जागेचं, माप धरायला मी विसरलो आणि तिन्ही ०.२ मिलिमीटर उंच आली. सगळे छर्रे सहा मिलिमीटर खाली. माशी उंच झाली की मार खाली जातो, खाच उंच केली की वर. बॅकसाईटचा स्क्रू काही क्लिक फिरवून भरून काढलं.

६ मिलिमीटरचं पान गोलाएवढंच दिसतं. बघताक्षणी आवडलं, पण खाचेत बसवल्यावर दोन्ही बाजूंचा उजेड जवळपास बंद. माझी खाच स्क्रूनं उघडते, जास्तीत जास्त ५ मिलिमीटर. खाचेपाशी ६ च्या पानाची सावली ४.१ भरते, म्हणजे बाजूला जेमतेम ०.४५ उरतो. ५.२ ला ०.७ उरला. ४.६ ला ०.९, म्हणजे दिसणाऱ्या माशीच्या तीन दशांश.

जून

चार पानं आणि खाचेच्या तीन रुंद्या, प्रत्येक जोडीला साठ शॉट. हे करायला सव्वा महिना लागला. मधे पाऊस लागला. आमच्या पावसात दुपारी बारालाही माग-खोलीत संध्याकाळ असते आणि वीज जाते ती वेगळीच. पण याच अंधारानं मला उत्तर दिलं. कमी उजेडात अरुंद फटी काळ्या होतात आणि माशी खाचेला चिकटलेली दिसते. कुठल्या बाजूला सरकली ते डोळ्याला सांगताच येत नाही. ४.६ चं पान आणि खाच पूर्ण उघडी, या जोडीत दोन्हीकडे उजेडाच्या दोन सरळ पट्ट्या उभ्या राहतात, आणि दोन पट्ट्या सारख्या आहेत की नाही हे डोळा क्षणात ओळखतो. उजेड फार दिला तर नेम सैल होईल ही भीती मला होती. झालं उलटं. जोड्या बदलत त्याच खोलीत, त्याच ट्यूबलाईटखाली ८२ ची सिरीज ८७-८८ वर आली, दोनदा ९१.

मी इतके दिवस पानाची रुंदी निवडत होतो. निवडायची होती ती फटीची रुंदी.

चमक हा दुसरा त्रास. वायरकटचं पान राखाडी असतं, वरच्या कडेवर ट्यूबलाईट पांढरी रेघ मारते आणि माशी ठेंगणी भासते. त्यावर देवघरातला कापूर. पान पिस्तुलावरून काढून, चिमट्यात धरून, जळत्या कापराच्या शेंड्यावर दोन सेकंद. मखमलीसारखी काळी काजळी बसते, बोट लागलं की पुसते, म्हणून दर रविवारी नवी. पिस्तूल ज्योतीजवळ न्यायचं नाही, सिलिंडरमध्ये दोनशे बार हवा असते.

जुलै

गल्लीतले सुभेदार काका मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. त्यांच्याकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे, शेतावर रात्री जावं लागतं म्हणून. माझी पानं बघून म्हणाले, "मला पण असलं काय तरी कर की. अंधारात फोरसाईट दिसत न्हाई बघ."

त्यांचं काम वेगळं. मला ५९.५ मिलिमीटरच्या गोलाखाली काही सेकंद स्थिर थांबायचं असतं, त्यांना पाच-सहा मीटरवर एका नजरेत माशी सापडली पाहिजे. माझी चौकोनी धारदार पानं त्यांच्या पिस्तुलावर चालणार नाहीत, कपड्यात अडकतील. अशा पिस्तुलाला कोपरे मारलेली, बुटकी, घट्ट बसलेली साईट हवी. मागे काळी साधी रुंद खाच आणि पुढे एकच उजळ ठिपका. तीन ठिपक्यांच्या साईटमध्ये घाईत कुठला ठिपका मधला हे शोधावं लागतं, म्हणून मागचे दोन मला नकोसे वाटतात. फायबर ऑप्टिकची काडी दिवसा झगमगते, पण ती बाहेरच्या उजेडावर जगते. काळोख्या शेतात विझते. ट्रिशियम या किरणोत्सारी वायूची कुपी स्वतः उजेड देते, मात्र तिचा अर्धायुकाळ १२.३ वर्षं, म्हणजे बारा वर्षांनी उजेड निम्मा. आणि कुठलीही साईट काळोखात समोर कोण आहे हे सांगत नाही. काकांना मी आधी चांगली टॉर्च घ्यायला लावली.

त्यांच्या पिस्तुलाची माशी स्लाइडबरोबरच (वरच्या सरकत्या भागाबरोबरच) घडवलेली, बदलता येत नाही. घासून खाच पाडायचा विचार मी त्यांना सोडायला लावला. असं काही करायचं तर ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. आम्ही रंगच दिला. मॅगझिन बाहेर, चेंबर त्यांनी तीनदा बघितलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. परवाना त्यांच्या नावावर, म्हणून हत्यार पूर्ण वेळ त्यांच्याच हातात. मी फक्त सांगत होतो. स्पिरिटनं तेल पुसलं, माचिसच्या काडीनं पांढऱ्या व्हाइटनरचा पातळ थर, अर्धा तास वाळवला, वर नातीचं भडक नारिंगी नेलपॉलिश. खाली पांढरं नसेल तर नारिंगी काळपट पडतं. वरची कड त्यांनी ब्लेडनं स्वच्छ सरळ केली, कारण थर जाड झाला की माशी उंच होते. त्या पिस्तुलात साईटमधलं अंतर दीडशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे ०.३ मिलिमीटरचा फरक दहा मीटरवर मार दोन सेंटिमीटर खाली नेतो. संध्याकाळी पडवीत दिवे मालवून त्यांनी हात लांब केला आणि म्हणाले, "दिसतंय."

पुढे

कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. कोल्हापूर इथून एकशेदहा किलोमीटर. पण आम्ही कर्नाटकात, म्हणून राज्य स्पर्धेसाठी आमची पोरं पाचशे किलोमीटर बंगळूरला जातात. मला त्याचं वाईट वाटतं. खानापूरचा एक पंधरा वर्षांचा मुलगा आता शनिवारी माझ्याकडे येतो. त्याचा हात माझ्याहून आखूड, डोळ्यापासून माशी ९१ सेंटिमीटरच भरते. त्याला ४.६ चं पान जाड वाटतं. हिशोबानं ४.१ यायला हवं. पान वायरकटला टाकलं आहे, यावेळी बैठकीचं माप धरून.