आमची वाटचाल : आधी शाईचा हिशेब, मग प्रिंटर

सांगलीत विश्रामबागला आमचं प्रिंटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. काउंटरवर मी, मागच्या टेबलावर हे, आणि आता कॉलेज सांभाळून मुलगा. येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतं, "वहिनी, घरी फोटो काढायला एखादा प्रिंटर दाखवा, स्वस्तातला." मी लगेच प्रिंटर दाखवत नाही. महिन्याला किती फोटो काढणार, ते विचारते. काहींना हे आवडत नाही. विकायचं सोडून बाई चौकशा काय करते, असं त्यांच्या तोंडावर दिसतं. पण आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर उभा आहे.

सुरुवात २००६ ची. हे तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीची नोकरी करत होते. ती सोडून आम्ही भाड्याच्या गाळ्यात कार्ट्रिज रिफिलिंग सुरू केलं, म्हणजे प्रिंटरमधल्या शाईच्या रिकाम्या डब्या पुन्हा भरून द्यायच्या. त्या काळी घरोघरी एचपीचे छोटे प्रिंटर होते, २१ आणि २२ नंबरच्या कार्ट्रिजचे. प्रिंटर दोन-अडीच हजारांना मिळायचा, पण काळं आणि रंगीत अशी दोन्ही कार्ट्रिज नवी घ्यायची म्हटलं की हजाराची नोट मोडूनही भागायचं नाही. आत शाई किती, तर जेमतेम काही मिली. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि पुढे शाईवर कमवायचं, हा कंपन्यांचा उघड हिशेब होता. त्या हिशेबाच्या फटीतच आमचं पोट भरत होतं.

काळं कार्ट्रिज भरणं सोपं. वरचं स्टिकर नखाने उचलायचं, छिद्रातून सुई आतल्या स्पंजात घालायची आणि शाई सावकाश सोडायची. घाई केली की फेस होतो, हवा अडकते आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात. रंगीत कार्ट्रिजला तीन कप्पे, आणि कुठला रंग कुठल्या छिद्राखाली हे नंबरानुसार बदलणार. मी टूथपिक आत घालून टोकाला लागलेला रंग बघायची आणि मगच सिरिंज उचलायची. भरून झालं की हेड, म्हणजे शाई जिथून बाहेर पडते तो भाग, टिश्यू पेपरवर टेकवायचं. पिवळा, मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि सायन (आकाशी निळा) असे तीन पट्टे वेगवेगळे उमटले की कार्ट्रिज गिऱ्हाइकाच्या हातात. एकात एक मिसळले, तर त्याच्या घरी आकाश हिरवं येणार हे ठरलेलं. मॅजेंटा नखांच्या कडेला एकदा बसला की चार-चार दिवस निघायचा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, मेंदी कधी काढली होती म्हणून.

त्या कार्ट्रिजला हेड जोडूनच येतं. आतले बारीक हीटर शाईला क्षणभर तापवतात, बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर फेकला जातो. त्या हीटरना थंड ठेवण्याचं कामही शाईच करते. शाई संपल्यावर "अजून दोनच पानं" म्हणत माणूस छापत राहिला की हेड जळतं, आणि मग कितीही भरा, उपयोग नाही. ही गोष्ट आम्ही काउंटरवर इतक्यांदा सांगितली, की शेजारचा झेरॉक्सवालासुद्धा ती पाठ म्हणून दाखवायचा.

मधल्या काळात बाहेरून नळ्या जोडायची टूम निघाली. प्रिंटरच्या कुशीला चार बाटल्या आणि त्यांच्यातून आत जाणाऱ्या चार नळ्या. त्यात सगळी मेख उंचीची असायची. बाटल्या प्रिंटरपेक्षा वर ठेवल्या तर शाई हेडमधून गळून टेबलभर होणार, फार खाली ठेवल्या तर हवा ओढली जाणार. मग एप्सनने २०१० साली इंडोनेशियात टाकीवाले प्रिंटर आणले. एल १०० आणि एल २०० पुढे आपल्याकडेही आले. नळ्यांचा जुगाड आता कंपनीच वॉरंटीसकट विकायला लागली. २०१६ च्या सुमारास कॅनन आणि एचपीही टाक्या घेऊन उतरले. प्रिंटर महाग आणि शाई स्वस्त, असा सगळा व्यवहारच उलटा झाला. रिफिलिंगवाल्यांच्या पोटावर पाय आला. ओळखीतल्या दोघा-तिघांनी शटर ओढलं. आम्ही मात्र सिरिंजा डब्यात घातल्या आणि टाकीवाले प्रिंटर विकायला घेतले.

फोटोच्या प्रिंटरकडे वळलो ते एप्सनच्या एल ८०० मुळे आणि त्याच्यामागून आलेल्या एल ८०५ मुळे. यांना टाक्या सहा. नेहमीच्या चार रंगांशिवाय फिका सायन आणि फिका मॅजेंटा. चार रंगांचा प्रिंटर चेहऱ्याचा फिका रंग काढताना गडद मॅजेंटाचे विरळ ठिपके टाकतो. गालावर, कपाळावर ते बारीक रवाळ दिसतात. फिकी शाई असली की तिथे दाट ठिपके पडतात आणि कातडी सलग दिसते. तासगाव, जत, कवठेमहांकाळकडच्या स्टुडिओवाल्यांनी हे प्रिंटर हातोहात उचलले. ४ बाय ६ च्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात. परीक्षांच्या फॉर्मचा हंगाम आला की त्यांचा प्रिंटर दिवसभर थंड होत नाही. त्यांना गणित समजावून सांगावं लागत नाही, ते त्यांनीच आम्हाला शिकवलं.

घरगुती गिऱ्हाईक बघतं ते खोक्यावरचा पानांचा आकडा. काळी बाटली ६००० पानं, रंगीत ७००० पानं. आकडे खोटे नसतात, पण ते कार्यालयीन कागदांच्या ठरलेल्या नमुन्यावर मोजलेले असतात, ज्यात पानाचा बराचसा भाग कोराच राहतो. फोटोत कोरी जागा नसतेच. म्हणून फोटोंसाठी मोजमापाची वेगळी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आणि बघायचा तो आकडा. एल ८०५ ला ७० मिलीच्या सहा बाटल्यांत ४ बाय ६ चे १८०० फोटो, असं कंपनी सांगते. म्हणजे फोटोला साधारण पाव मिली शाई.

पुढचा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर गिऱ्हाइकासमोरच मांडते. बाटली ६०० रुपयांना धरू. सहा बाटल्यांचे ३६०० भागिले १८००, म्हणजे फोटोला दोन रुपयांची शाई. चांगला जाड ग्लॉसी कागद चार रुपये. झाले सहा. फोटो लॅबमध्ये तोच फोटो दहाला मिळतो असं धरलं तर वाचले चार. प्रिंटर वीस हजारांचा असेल तर तो वसूल व्हायला ५००० फोटो लागणार. वर्षाला दोनशे फोटो काढणाऱ्या घराला पंचवीस वर्षं! इथे बहुतेक लोक हसतात आणि खुर्ची पुढे ओढून बसतात. साध्या कार्ट्रिजच्या प्रिंटरवर तर एका फोटोची शाईच वीस रुपयांच्या खाली क्वचित येते, हे त्यानंतर सांगते.

मग घरी फोटो प्रिंटर घ्यायचाच नाही का? ज्यांच्या घरी शाळेचे प्रकल्प, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, केक-रांगोळीच्या ऑर्डरचे नमुने असं रोजचं काम आहे, त्यांनी टाकीवाला जरूर घ्यावा. चार रंगांचा पुरतो. फक्त काळी शाई डाय (विरघळलेल्या रंगाची) आहे की पिगमेंट (बारीक रंगकणांची), तेवढं बघावं. पिगमेंट काळी साध्या कागदावर ठसठशीत आणि पाण्याला पक्की, पण ग्लॉसी कागदावर असे प्रिंटर बहुधा ती वापरत नाहीत. तिथे तिन्ही रंग मिसळून काळा करतात आणि केस तपकिरी दिसतात.

जे महिन्या-दोन महिन्यांनी पाच-दहा फोटो काढणार, त्यांना मी शाईचा प्रिंटर देतच नाही. एक निवृत्त बँक अधिकारी सहा रंगांचाच हवा म्हणून हटून बसले होते. मुलगा अमेरिकेत, नातवाचे फोटो येतात, ते भिंतीवर लावायचे. मी म्हटलं, काका, लॅबला द्या. गेले. काही महिन्यांनी परत आले. बाळाचे फोटो दुकानादुकानात पाठवलेले सुनेला नको होते. कारण रास्त होतं. त्यांना आम्ही कॅननचा 'सेल्फी' (Selphy) नावाचा छोटा प्रिंटर दिला. त्यात शाई नसून रिबिन असते. पिवळा, मॅजेंटा, सायन असे एकेक थर उष्णतेने कागदावर चढतात आणि वरून संरक्षक थर बसतो. रिबिन आणि कागद एकाच पाकिटात, १०८ फोटोंचे. फोटो वीस-पंचवीस रुपयांना पडतो, पण सहा महिने हात लावला नाही तरी वाळायला आत काही नसतं. फोटो महाग पडला तरी कमी फोटो काढणाऱ्याला हाच प्रिंटर स्वस्त पडतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आमचं काम पार बदललं. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. विश्रामबाग उंचावर असल्याने दुकान वाचलं, पण गावभाग, हरभट रोड, मारुती रोडवरची आमची गिऱ्हाइकं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोक प्रिंटर घेऊन येतील असं आम्हाला वाटलं होतं. आले ते अल्बम घेऊन. प्लॅस्टिकच्या पिशवीत चिखलाने फुगलेले लग्नाचे अल्बम. जुने लॅबचे फोटो एकमेकांना चिकटलेले होते. ते ओढून सोडवले की चेहराच सोलून निघतो. हे आणि मुलगा घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन बसायचे. गठ्ठा तसाच भिजत ठेवायचा, सुटेल तसा एकेक अलगद वेगळा करायचा आणि तोंड वर करून जुन्या साडीवर वाळत घालायचा. काचेला चिकटलेली फ्रेम आली तर ती न सोडवता काचेवरूनच स्कॅन करायची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे लॅबचे फोटो यातून बरेच वाचले. घरच्या प्रिंटरवर डाय शाईने साध्या कागदावर काढलेले मात्र नुसते रंगाचे ओघळ होऊन आले होते. एका आजींनी वर्षश्राद्धासाठी काढलेला आजोबांचा फोटो आणला होता. त्यात फक्त फेट्याचा गुलाबी उरला होता. सुदैवाने तो मूळ कुठल्या लग्नाच्या फोटोतून घेतलाय हे सुनेला आठवलं, आणि ते लग्न जतच्या पाहुण्यांकडचं असल्याने तिथला अल्बम कोरडा होता.

तेव्हापासून जुने फोटो स्कॅन करून नव्याने काढून देणं हे आमचं दुसरं काम झालं. जपून ठेवायचा फोटो असेल तर आम्ही तो पिगमेंट शाईवर काढतो किंवा सरळ लॅबचा रस्ता दाखवतो. बिल दुसऱ्याच्या दुकानात फाटतं, फाटू दे.

पुढच्याच वर्षी टाळेबंदी. शाळा मोबाईलवर आल्या आणि वर्कशीट छापायला घराघरांत प्रिंटर हवा झाला. माल येत नव्हता, आलेला संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता. शाळा पुन्हा भरल्यावर तेच प्रिंटर कपड्याखाली झाकून पडले आणि हेड सुकून आमच्याकडे येऊ लागले. यातलं निम्मं दुखणं भिंतीवरच्या बटणाचं. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, ओलसर राहतात. छपाई चालू असताना किंवा घाईत मेन स्विचच दाबला, तर हेड वाटेत उघडं राहतं आणि सुकतं. उन्हाळ्यात लाइट गेली तरी तेच. म्हणून बंद करायचा तो प्रिंटरच्या बटणाने, आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायचं. रेघा आल्याच तर हेड क्लीनिंग दोनदा करून रात्रभर तसाच ठेवायचा. लागोपाठ दहा वेळा करणाऱ्यांची शाई सगळी वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जाते, आणि पॅड भरल्याचा संदेश आला की प्रिंटर अडून बसतो. बाजारात पॅड किती भरलं ते मोजणारा प्रिंटरमधला काउंटर नुसता रिसेट करून देणारे पुष्कळ आहेत. आम्ही पॅड बदलल्याशिवाय रिसेट करत नाही, नाहीतर शाई खालून टेबलावर येते.

लोकल शाईबद्दल रोज वाद होतो. कागदपत्रं छापायला वापरा, वॉरंटी संपली असेल तर माझी हरकत नाही. फोटोला नको. कंपनीच्या ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) रंगांचं गणित तिच्याच शाईवर आणि कागदावर बेतलेलं असतं, दुसरी शाई घातली की चेहरे एकीकडे झुकतात. शिवाय हलक्या प्रतीच्या शाईतला सायन उघड्या हवेत लवकर उडतो आणि वर्षभरात भिंतीवरचं सगळं कुटुंब उन्हातून आल्यासारखं तांबूस दिसायला लागतं. आणखी एक, ग्लॉसी कागद घालून सेटिंग साध्या कागदाचंच ठेवणारे रोज भेटतात. त्यांचे फोटो मळकट येतात आणि शिव्या शाईला बसतात.

या वर्षीपासून आम्ही काउंटरवर तीन प्रिंटर चालू ठेवले आहेत. सहा रंगांचा टाकीवाला, चार रंगांचा टाकीवाला आणि रिबिनीचा. तुमचाच एक फोटो तिन्हींवर काढून देतो आणि प्रत्येकाच्या मागे शाई-कागदासह एका फोटोचा खर्च पेन्सिलीने लिहितो. घरी न्या, आठवडाभर बघा, मग या. येताना फोटोची मूळ फाइल आणा. ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० पिक्सेल तरी हवेत. व्हॉट्सअॅपवरून तिसऱ्या हाताने आलेला फोटो असेल तर तिन्ही प्रिंटर सारखेच वाईट दिसतील.