तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा पूर्ण झाले की सुटतो का?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच विचारलं, "मॅडम, गुन्हा केलेली ही पोरं अठरा पूर्ण झाली की सुटतातच ना?" मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवून अहवाल लिहिणारी, म्हणून निवृत्त झाले हे कळलं की हा प्रश्न येतोच. पुण्यातला मे २०२४ चा तो अल्पवयीन मुलाच्या गाडीचा अपघात आणि जामिनाच्या अटीतला ३०० शब्दांचा निबंध झाल्यापासून तर विचारणाऱ्याचा आवाजही चढलेला असतो.

नाही सुटत. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. चौकशी चालू असताना मुलगा अठराचा झाला तरी मुलांची प्रकरणं बघणारं बाल न्याय मंडळ ती पुढे चालवतंच.

मुलगा सोळा ते अठरामधला असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळ आधी त्याची समज जोखतं आणि प्रौढासारखा खटला चालवता येणाऱ्या बाल न्यायालयाकडे प्रकरण पाठवू शकतं. सदोष मनुष्यवधाला, म्हणजे पुण्याच्या मुलावरच्या आरोपाला, अशी किमान शिक्षाच नाही. पुण्याच्या मुलाला प्रौढ मानून खटला चालवायला मंडळानं जुलै २०२५ मध्ये नकार दिला, तेव्हा हेच कलम लोकांच्या घशाखाली उतरेना.

पूर्वी कायद्याचा हात खरंच तोकडा होता. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षंच विशेष गृहात ठेवता येत होतं. २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला. दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, कायद्यात तरतूद नाही तर अडवणार कशाच्या जोरावर? २२ तारखेला राज्यसभेनं नवा कायदा मंजूर केला. घाईत, रागात. पण त्यात एक गोष्ट शहाणपणाची आली. बाल न्यायालयानं शिक्षा दिलेला मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत तुरुंगात न जाता 'सुरक्षित ठिकाणी' राहतो. एकवीस पूर्ण झाल्यावर शिक्षा उरली असेल तर न्यायालय पुन्हा बघतं, हा सुधारला का? सुधारला असेल तर देखरेखीखाली, अटींवर बाहेर. नाही तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात.

आता एका मुलाचं सांगते. खुणा बदलल्यात, कारण अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

चाकू दाखवून, भोसकून लूट. किमान शिक्षा सात वर्षं. घटना जुलैमधली. मंडळाच्या खोलीत ना चौथरा ना पिंजरा. एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, साध्या कपड्यातला पोलीस. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे सोळा पूर्ण. (तुमच्या घरातही दोघंतिघं १ जूनचे असतील, गुरुजींनी पहिलीत नाव घालताना लिहून टाकलेले.) त्याची आई खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झाला ह्यो. बैलांच्या शिंगाचा रंगबी निघाला नव्हता." तिचा हिशेब धरला तर घटनेच्या दिवशी तो पंधराच वर्षांचा. मग प्रकरण मंडळातच मिटलं असतं, तीन वर्षांच्या आत. पण दाखला असला की दाखलाच खरा. शिंगांचा रंग पुरावा होत नाही.

प्रकरण बाल न्यायालयात गेलं आणि सात वर्षांची शिक्षा लागली. पोरगा मात्र अठराव्या वाढदिवसाचे दिवस मोजत बसला होता, तुमच्यासारखाच. तो वाढदिवस गेला आणि काहीच घडलं नाही, तेव्हा त्यानं दोन दिवस जेवण टाकलं.

एकविसाव्या वर्षी फाईल न्यायाधीशांसमोर आली. अशा मुलाचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. चार वर्षांचे चार अहवाल, चारही एका पानाचे, चारहींत तेच वाक्य: 'वर्तन समाधानकारक.' त्यातले दोन माझे. माझ्याकडे तेव्हा साठेक फाईली होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, पण होत्या. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "समाधानकारक म्हणजे काय हो, मॅडम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं तो तुरुंगात जाणार की घरी, हे त्या शब्दावर ठरायचं होतं आणि तो शब्द मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकला होता.

सगळेच न्यायाधीश असं विचारत नाहीत. यांनी पुढची तारीख दिली आणि नवा अहवाल मागितला. मी दोन दुपारी त्याच्यासमोर बसले. तो वायरिंग शिकला होता. तिथले अर्धे पंखे त्यानंच दुरुस्त केले होते. एका लहान मुलाला तो रात्री अक्षरं गिरवायला लावायचा. ज्याला भोसकलं त्या माणसाचा हात आता वर जातो का, हे त्यानं मला विचारलं. मला माहीत नव्हतं, मी चौकशी केली. पूर्ण वर जात नाही. तेही त्याला सांगितलं आणि तो काय म्हणाला तेही लिहिलं. अकरा पानं झाली.

म्हणून कोणी "एकविसाची मुदत पंचवीसपर्यंत वाढवा" म्हणालं की मी आधी विचारते, अहवाल कोण लिहिणार, आणि एकेकाकडे फाईली किती?

न्यायालयानं त्याला अटींवर सोडलं. उरलेली दोन वर्षं तो महिन्यातून एकदा सही करायला यायचा. रजिस्टरात जन्मतारखेच्या रकान्यात १ जूनच होती. पोळ्याच्या महिन्यात मात्र त्याची आई सोबत यायची आणि टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवायची.