सांधा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पंपिंग स्टेशनचं पॅनल टेस्टिंगला लागलं होतं. प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून त्याचा विजेचा सिग्नल देणारं यंत्र, जोडला. दाब शून्य, तरी स्क्रीनवरचा आकडा वरच्या टोकाला चिकटलेला. वायरमन अण्णांनी मल्टिमीटर लावला आणि म्हणाले, "मॅडम, हा मिलिअँपिअर बोलतो, कार्डाला फक्त व्होल्ट कळतात."

ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा, म्हणजे करंट देणारा; पीएलसीचं (पॅनलमधल्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) इनपुट कार्ड ० ते १० व्होल्टचं. इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी त्यांची ऑर्डर वेळेत दिलेली, पॅनलवाल्यांनी त्यांची. माझ्या बारचार्टवर, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावर, दोन्ही पट्ट्या हिरव्यागार! दोन पट्ट्यांमधला सांधा मात्र त्या चार्टवर कुठेच नव्हता. आणि चार्ट मीच केलेला.

अण्णांनी ५०० ओहमचा रेझिस्टर टाकला: २० मिलिअँपिअरला १० व्होल्ट, ४ ला २. स्केलिंग (किती व्होल्टला किती दाब दाखवायचा ते) बदलून त्या दिवसाचं टेस्टिंग निभावलं. पण ड्रॉइंगमध्ये नसलेला रेझिस्टर साइटवर कसा पाठवणार? कार्ड बदललं. तीन आठवडे गेले.

तेव्हापासून बारचार्ट नंतर. आधी एन-स्क्वेअर चार्ट. मोठ्या कागदावर तिरक्या ओळीत पंप, मोटर, ट्रान्समीटर, पॅनल, सॉफ्टवेअर, सिव्हिल. उरलेल्या घरांत कोण कोणाला काय देतं ते. सहा गोष्टी म्हणजे तीस घरं. बरीचशी रिकामीच राहतात. भरलेल्या घरात सिग्नल, एकक, कनेक्टर आणि एकाच माणसाचं नाव. दोन नावं लिहिली की ते घर बेवारस झालंच म्हणून समजा.

नुसतं लिहून भागत नाही, हेही खरं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ गमावलं, कारण एका बाजूने आकडे पाउंड-सेकंदात दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. इंटरफेसच्या, म्हणजे सांध्याच्या, कागदावर न्यूटन-सेकंदच ठरलेलं होतं! म्हणून आता प्रत्येक घरात तपासणीची तारीखही असते. ट्रान्समीटर आणि कार्ड आले की त्याच दिवशी टेबलावर जोडून बघायचे, पॅनलचं वायरिंग सुरू व्हायच्या आधी.

साहेब म्हणतात, यात आठवडा जातो. जातोच.

सध्याच्या कामाचा चार्ट माझ्यामागच्या भिंतीवर आहे. सिव्हिल आणि पॅनलमधलं एक घर अजून अर्धवट आहे: केबल खालून येणार की वरून? सिन्नरचे कंत्राटदार रोज "उद्या सांगतो, ताई" म्हणतात. त्या घरात मी त्यांचंच नाव लिहिलंय, तूर्त पेन्सिलीने.